पाळणाघर, माया आणि नियम

स्वतःचें रक्षण करूं न शकणारा जीव परक्याच्या हातीं सोंपविला, म्हणजे त्या परक्याचें कर्तव्य काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न होय. पाळणाघरानें तो आज पुन्हां उभा केला आहे. २०१७ सालीं प्रसूतिलाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचें बंधन आलें. परंतु पाळणाघर असणें निराळें आणि तें निर्धोक असणें निराळें.

कोणी म्हणेल कीं, मुलाला माया हवी. नियमावलीनें माया कोरडी होते. आम्हांस हा विरोध खरा वाटत नाहीं. माया समोर रडणाऱ्या मुलाकडे धांवते; नियम अद्यापि न रडलेल्या मुलाचा विचार करतो. दुपटें बदलणारा हात साबणानें धुतल्यावांचून घास भरवूं नये, ही गोष्ट प्रेमाला सुचतेच असें नाहीं. १६ जुलै २००४ रोजीं कुंभकोणम् येथील शाळेंत स्वयंपाकाची आग गवती छपरास लागून ९४ बालकें गेलीं. तेथें मायेचा अभाव होता असें म्हणण्यास आधार नाहीं. दूरदृष्टीचा मात्र खास होता. पुढें २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुरक्षित शाळा हा बालकाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम कडक केले तर गरिबांचीं पाळणाघरें बंद पडतील, आणि मूल पुन्हां बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर जाईल. १९६९ सालीं दिल्लींत ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था निघाली ती अशाच मुलांसाठीं. तेव्हां उणें पाळणाघर मुळींच नसण्यापेक्षां बरें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि उणेपणाचे दोन प्रकार आहेत. खेळणीं थोडीं असणें, जागा अपुरी असणें, हा उणेपणा पुढें भरून काढतां येतो. उघडा हौद, बाहेरून कुलूप लावलेलें दार, मूल कोणाच्या स्वाधीन केलें याची नोंद नसणें, यांची चूक झाल्यास भरपाई नाहीं. पहिल्या प्रकारांत सवलत ही दया ठरेल; दुसऱ्यांत ती गरिबाच्या मुलाचा जीव स्वस्त ठरविणें होय.

मग खर्च कोणीं सोसावा? आपल्या देशांत अंगणवाडी-सेविकेस वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळतें. आणि अपेक्षा मात्र आईच्या दक्षतेची असते. एकटीच्या पदरांत वीस मुलें टाकून तिला नियम वाचून दाखविणें, हें स्वतःचें कर्तव्य दुसऱ्याच्या माथीं मारणें आहे. जो समाज नियम करतो, त्यानेंच त्यांची किंमतही मोजली पाहिजे. तान्ह्या मुलाला तक्रार करतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें आधींच केलेली तक्रार म्हणजे नियम, असें आम्ही समजतों. तो कागदावर राहिला, तर तें मूल दुसऱ्यांदा मुकें झालें.