संशोधनाचा खप

नागपूरच्या गांधीबाग-गंजीपेठेकडच्या दवाबाजारात ‘खप’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. पॅरासिटामॉलचा खप मोठा, म्हणून त्याच्या पेट्या दारातच रचलेल्या. फेनोबार्बिटोनचा खप बेताचा. 1912 पासून मिरगीवर वापरात असलेलं हे स्वस्त औषध आतल्या फळीवर पडून असतं. पण फिट येणाऱ्या मुलाची ही गोळी अचानक बंद झाली तर झटके उलटून येतात, जिवावरही बेततं. म्हणून खप नसला तरी माल ठेवावा लागतो.

विद्यापीठांत मात्र आपण निव्वळ खपावर विसंबू लागलो आहोत. शोधनिबंध किती, इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले, एच-निर्देशांक किती, हे आकडे आधी बघितले जातात. ज्याचे 20 निबंध प्रत्येकी निदान 20 वेळा उद्धृत झाले, त्याचा एच-निर्देशांक 20. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला. मला हा हिशेब सरसकट टाकाऊ वाटत नाही. संदर्भ देणं म्हणजे दुसऱ्याचं ऋण मान्य करणं, आणि ते नोंदलं गेलंच पाहिजे. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, तीही एखादा विचार पुढे कुठे कुठे पोचला याचा माग काढता यावा म्हणून. माणसांना गुण देण्याचं काम आपण तिच्यावर मागाहून लादलं.

मेंदूवरच्या औषधांच्या शास्त्रात हा हिशेब कसा फसतो ते सर्पगंधेच्या गोष्टीत दिसतं. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिलं, की ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. पुढची जवळजवळ दोन दशकं पाश्चात्त्य वैद्यकाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे अनुभव 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. अवघी सहा पानं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि ते मनोरुग्णांनाही दिलं जाऊ लागलं. त्याने मेंदूतली रासायनिक द्रव्यं रिती होतात हे कळल्यावर स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा टोचलं. ते हालचाल करू लागले. साल 1957. कंपवाताच्या रुग्णासाठी आज लेव्होडोपाची, म्हणजे एल-डोपाचीच, स्ट्रिप घेतो, तिच्यामागे हा प्रयोग आहे. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं. वकिलांना 1957 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

आज रिसर्पिनचा परिणाम सांगताना क्वचितच कोणी वकिलांच्या निबंधाचा संदर्भ देतं. ज्ञान पाठ्यपुस्तकात मुरलं की मूळ लेखकाचं नाव गळून पडतं. म्हणजे काम जितकं खोल रुजेल, तितकी त्याची नोंद पुसट होत जाते. उलट, जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा. प्रथिनं मोजायची एक सोयीची रीत त्यात आहे, आणि 2014 पर्यंत तो तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला होता. हा आपला थोर निबंध नव्हे, असं लाउरी स्वतःच म्हणत.

आता आपला तक्ता पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत, प्रभाव गुणांक नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाच्या गुणांत 5 ची भर आणि गुणांक 10 च्या वर असेल तर 30 ची. हा गुणांक, म्हणजे निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचा आकडा, नियतकालिकाचा, निबंधाचा नव्हे. सेन-बोस यांच्या पदरात त्यात सर्वांत कमी भर पडली असती! हा तक्ता मला अन्यायकारक वाटतो, कारण तो निबंध न वाचता त्याची किंमत ठरवू देतो.

याची झळ आपल्या गावालाही आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मेंदूतल्या पेप्टाइडांवर काम चालत आलं आहे, कामठीच्या किशोरीताई भोयर महाविद्यालयात अ‍ॅग्मॅटिन या द्रव्यावर. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांत मात्रा ठरवण्यातच महिने जातात. इतर प्रयोगांवर बेतलेला आढावा-लेख लिहिला तर संदर्भ त्यालाच जास्त मिळतात. एखादं औषध चाललं नाही, असं दाखवणाऱ्या निबंधाला फारसे संदर्भ मिळत नाहीत, मग तो पुढच्या संशोधकाची दोन वर्षं का वाचवेना.

निवड समितीने उमेदवाराकडून त्याचे तीनच निबंध मागवावेत आणि आकड्यांचं पान बाजूला ठेवून ते बैठकीआधी वाचावेत. मग विचारावं: ही मात्रा का निवडली? तुलनेच्या गटातल्या प्राण्यांना काय टोचलं? हाच निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत कोणाला मिळाला का, आणि नसेल तर तुम्हाला काय वाटतं?