कर्त्यावाचून वाक्य

मनुष्य बोलतो कशासाठी, असा प्रश्न केला असता, आपल्या मनातील अर्थ दुसऱ्याच्या मनात उतरविण्यासाठी, असे उत्तर कोणीही देईल. परंतु हल्ली मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून जी भाषा चालते ती चार दिवस कानांवर पडली, म्हणजे हे उत्तर अर्धेच खरे आहे अशी खात्री होते. अर्थ पोहोचविण्यासाठी मनुष्य जितका खटाटोप करतो, तितकाच, किंबहुना कांकणभर अधिक, तो अर्थ चुकविण्यासाठीही करतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, सुना व जावई पुण्यानजीक हिंजवडीस, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, अथवा सातासमुद्रांपलीकडे नोकरीस आहेत. आणि कचेरीचे काम आता घरी बसूनही होत असल्यामुळे ही भाषा दिवाणखान्यापर्यंत येऊन ठेपली आहे. ‘सिनर्जी’, ‘बँडविड्थ’, ‘स्टेकहोल्डर’, ‘व्हॅल्यू अ‍ॅडिशन’ हे शब्द आता घरोघर ऐकू येतात. त्यांचा अर्थ काय, असे वडील मंडळींनी विचारले तर मुलगा सांगू लागतो, आणि दुसऱ्याच वाक्यास अडखळतो. हे अडखळणे हसण्यावारी नेण्यासारखे दिसते खरे. परंतु आमच्या मते त्याच्या मुळाशी नीतीचा एक गंभीर प्रश्न आहे, आणि त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हे शब्द परकीय आहेत, म्हणून आमची तक्रार नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला गेला व त्यात फारशी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले; तो प्रश्न स्वभाषेच्या अभिमानाचा होता, आणि तो निराळा आहे. प्रस्तुत रोग भाषांच्या सीमा मानीत नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून उचित ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात इंग्रजीचा एक शब्दही नाही; परंतु अर्जदारास त्यातून काय कळते? कार्यवाही कोणती, ती कोण करणार, केव्हा करणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. सरकारी कचेरीतील हे वाक्य आणि कंपनीच्या कचेरीतील ‘सिनर्जी’ ही एकाच कुळातील भावंडे होत.

दुसरी गोष्ट, पारिभाषिक शब्दांवरही आमचा रोष नाही. सुताराचा रंधा आणि पटाशी, विणकराचा धोटा, जुन्या पेढीवरील रोजकीर्द आणि खतावणी, हे शब्द परक्यास कळत नाहीत. पण त्या त्या धंद्यातील मनुष्यास ते इतके नेमके असतात की त्यांवाचून त्याचे काम अडेल. पारिभाषिक शब्द काढून त्याच्या जागी साधा शब्द घातला तर अर्थ कमी होतो. पोकळ शब्दाची गोष्ट उलटी आहे. तो काढून साधा शब्द घातला तर अर्थ कमी होत नाही. तो उघडा पडतो. हीच या दोहोंची कसोटी. ‘बँडविड्थ’ हा शब्द रेडिओच्या शास्त्रात मोजता येणाऱ्या एका राशीचे नाव आहे. कचेरीत ‘मजजवळ बँडविड्थ नाही’ याचा अर्थ ‘मला वेळ नाही’ किंवा ‘मला हे करावयाचे नाही’ असा होतो, आणि या दोहोंपैकी कोणता, हे सांगण्याची जबाबदारी तो शब्द परस्पर टाळतो. ‘डाउनसायझिंग’ हा शब्द अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मोटारगाड्यांचा आकार लहान करण्यास लावीत असत. पुढे तोच शब्द माणसांस लावू लागले. गाडी लहान केली तर गाडीस दुःख होत नाही. शब्द तोच ठेवल्यामुळे माणसासही ते होत नसावे, असा भास उत्पन्न करता आला. काही काळाने तोही शब्द कठोर वाटू लागला, तेव्हा ‘राइटसायझिंग’ म्हणजे ‘योग्य आकार देणे’ हा शब्द पुढे आला. नोकरी गेलेल्या मनुष्याने आता तक्रार तरी कशाची करावी? जे झाले ते ‘योग्य’च झाले, असे शब्दच सांगत आहे!

येथे व्याकरणाचा थोडा आधार घेणे उपयोगी पडेल. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या व्याकरणकारांत वाद पुष्कळ झाले, तरी कर्तरी, कर्मणी व भावे हे तीन प्रयोग शाळेतील मुलेही जाणतात. ‘मालक कारकुनास काढतो’ हा कर्तरी. ‘मालकाने कारकून काढला’ हा कर्मणी. ‘मालकाने कारकुनास काढले’ हा भावे. तिन्ही वाक्ये पाहा. क्रियापद कधी कर्त्याच्या मागे जाते, कधी कर्माच्या, कधी कोणाच्याच नाही. मालकाची विभक्ती बदलते. परंतु मालक जागचा हलत नाही. काढणारा कोण, हे आमची भाषा तिन्ही प्रयोगांत सांगते. आता कचेरीचे वाक्य घ्या: ‘मनुष्यबळाचे सुयोग्यीकरण करण्यात येत आहे.’ यात मालक गेला. आणि नीट पाहिले तर कारकूनही गेला, कारण त्याच्या जागी ‘मनुष्यबळ’ नावाचे एक द्रव्य आले आहे. काढणाराही नाही, निघणाराही नाही. उरले केवळ ‘सुयोग्यीकरण’, जे पावसासारखे आपोआप पडत आहे. पावसास जाब कोण विचारणार? आम्ही ज्यास नीतीचा प्रश्न म्हणतो तो हाच. कर्ता हा व्याकरणातील शब्द आहे, तसाच तो धर्मशास्त्रातील व न्यायातीलही आहे. कर्म आहे तेथे कर्ता आहे, आणि फळ त्यास चुकत नाही, ही आमच्या लोकांची जुनी श्रद्धा. ती वाक्यरचनेच्या युक्तीने चुकविता येते, असा शोध आधुनिक कचेऱ्यांनी लावला आहे.

उदाहरणच पाहिजे असेल तर १७ जुलै २०१४ चे घ्यावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोकिया कंपनीचा फोनचा धंदा विकत घेतला होता. त्या विभागाच्या प्रमुखाने त्या दिवशी आपल्या नोकरवर्गास एक लांबलचक पत्र पाठविले. आरंभी एखाद्या स्नेह्यास घालावी तशी हाक. मग धोरण, मग निरनिराळ्या फोनांचे भवितव्य, मग कंपनीच्या ध्येयाशी जुळवून घेण्याची आवश्यकता, असे परिच्छेदामागून परिच्छेद. सुमारे १२,५०० माणसांच्या नोकऱ्या जाणार, ही बातमी पत्र बरेच वाचून झाल्यावर येते. ज्याच्या घरची चूल विझणार होती, त्यास ती गोष्ट कळण्यापूर्वी फोनांच्या किमतींचे धोरण वाचावे लागले. पत्र लिहिणारा मनुष्य दुष्ट होता, असे आमचे म्हणणे नाही. ही भाषा हाती असली म्हणजे दुष्ट नसलेल्या मनुष्यासही असे पत्र लिहिता येते, हेच भयंकर आहे.

यावर कोणी म्हणेल की, कठोर गोष्ट मृदू शब्दांनी सांगणे ही सभ्यता आहे, आणि तुमच्या घरांतही ती पाळतातच. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. आमच्या घरांत बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. घरातून बाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि मनुष्य मरत नाही, त्यास ‘देवाज्ञा’ होते. परंतु या शब्दांत आणि कचेरीच्या शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘देवाज्ञा झाली’ हे शब्द ऐकून, मनुष्य जिवंत आहे की कसे, असा संशय कोणासही पडत नाही. सांगणाऱ्यास सत्य माहीत असते, ऐकणाऱ्यास ते कळते, आणि शब्दाची मृदुता केवळ ऐकणाऱ्याच्या जखमेसाठी असते. कचेरीतील मृदू शब्द ऐकणाऱ्याची जखम झाकीत नाही. तो सांगणाऱ्याचा हात झाकतो. तेव्हा कोणताही मृदू शब्द पुढे आला असता एवढेच विचारावे की, हा शब्द कोणाचे रक्षण करतो? दुःखिताचे करीत असेल तर ती सभ्यता होय. दुःख देणाऱ्याचे करीत असेल तर तो भित्रेपणा होय.

मग या बोलण्यास सरळ असत्यच का म्हणू नये? अमेरिकेतील तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या प्रश्नाचा मार्मिक विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, खोटे बोलणारा निदान सत्याची दखल घेतो, कारण ते लपवावयाचे असते. पोकळ बोलणाऱ्यास सत्य आणि असत्य दोन्ही सारखीच, त्यास पाहिजे असतो तो केवळ परिणाम. म्हणून सत्याचा मोठा शत्रू दुसराच होय. आम्हांस हे मत पटते. चोरास कुलपाची किंमत माहीत असते. ज्याने दारच काढून टाकले त्यास कुलपाचे काय?

एन्रॉन कंपनीचे नाव महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या खाडीशी तिने वीजप्रकल्प उभारला. त्याचा करार १९९३ साली झाला, १९९५ साली राज्य सरकारने तो मोडला, पुढे तडजोड होऊन १९९९ साली वीज निघाली, आणि दराच्या व थकबाकीच्या वादात २००१ साली काम बंद पडले. या प्रकल्पाच्या संबंधात कंपनीच्या एका महिला अधिकाऱ्याने १९९५ साली अमेरिकेतील कायदेमंडळाच्या समितीपुढे असे निवेदन केले की, भारतीयांच्या ‘शिक्षणावर’ व प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. शिक्षण! ज्या प्रांतात शाळेसाठी घरे गहाण टाकणारे लोक होऊन गेले, तेथे हा शब्द ऐकून खळबळ उडाली नसती तरच नवल. विरोधकांनी लाचेचा आरोप केला, कंपनीने तो नाकारला. त्या आरोपाचा निवाडा करण्याचे आम्हांस कारण नाही. आमचा मुद्दा एवढाच की, पैसा कोणी, कोणास, कशासाठी दिला, हे साध्या शब्दांत सांगितले असते तर आरोपासही जागा राहिली नसती आणि बचावाचीही गरज पडली नसती.

याच कंपनीने आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली चार मूल्ये म्हणून मिरविली होती; आणि ‘फॉर्च्यून’ नियतकालिकाने तिला सलग ६ वर्षे अमेरिकेतील सर्वांत नवकल्पक कंपनी ठरविले होते. मग त्याच नियतकालिकात मार्च २००१ मध्ये बेथनी मॅक्लीन या लेखिकेने एक अगदी साधा प्रश्न विचारला: ही कंपनी नेमका पैसा मिळविते तरी कशी? सरळ उत्तर मिळाले नाही. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, आणि हजारो नोकरांची नोकरी व म्हातारपणची पुंजी एकदमच गेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे लागू पडते. फरक इतकाच की वाळा कथलाचा निघाला तो नोकरांच्या हाती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर अलीकडचे उदाहरण तयारच आहे. कचेऱ्यांस जागा भाड्याने देणाऱ्या ‘वीवर्क’ नावाच्या कंपनीस २०१७ साली ९३ कोटी ३० लक्ष डॉलरांचा तोटा झाला. पुढील वर्षी कर्ज उभारताना तिने जाहिरात, व्यवस्थापन, नव्या जागांची आखणी असे नित्याचे खर्च हिशेबातून वगळून ‘कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड’ असे भारदस्त विशेषण लावलेला आकडा दाखविला, आणि तो निघाला २३ कोटी ३० लक्ष डॉलरांचा नफा! आमच्याकडील एखाद्या वाण्याने, दुकानाचे भाडे आणि नोकरांचा पगार सोडल्यास मला नफाच आहे, असे सांगितले असते तर गावाने त्यास वेड्यात काढले असते. २०२३ च्या नोव्हेंबरात या कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

परंतु कंपन्या बुडतात, नव्या निघतात. आम्हांस अधिक काळजी वाटते ती त्या कचेऱ्यांत वयाच्या बाविसाव्या वर्षी पाऊल टाकणाऱ्या तरुणांची. हे शब्द बोलल्यावाचून सभेत मान नाही, आणि अर्थ विचारला तर अडाणी ठरण्याचे भय. तेव्हा हुशार मुलगा अर्थ विचारणे सोडून देतो. प्रथम दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ विचारीत नाही, मग स्वतःच्या बोलण्याचाही विचारीत नाही. ज्या बुद्धीसाठी आईबापांनी पोटास चिमटा घेतला, ती बुद्धी अशा रीतीने दिवसातून ९ तास न वापरण्याचा अभ्यास करते. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

उपाय कठीण नाही. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यास आपल्या कारकुनांच्या भाषेची लाज वाटली, तेव्हा त्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांजकडून साध्या शब्दांविषयी एक पुस्तक लिहवून घेतले. ते १९४८ साली निघाले. अमेरिकेत २०१० साली, सरकारी कागदपत्रे नागरिकांस समजतील अशा भाषेत लिहिण्याचा कायदाच झाला. खाजगी कचेऱ्यांस असा कायदा लावता येणार नाही. पण तीन प्रश्न विचारण्यास कायद्याची गरजही नाही: कोणी केले? कोणास केले? किती केले? ज्या वाक्यास ही तीन उत्तरे देता येत नाहीत त्यावर सही करू नये, हा नियम एखाद्या विभागाच्या प्रमुखाने स्वतःपुरता पाळला तरी पुष्कळ होईल. विशेषतः ज्याच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे त्याने तो पाळलाच पाहिजे. माणसे कमी करण्याचा प्रसंग प्रामाणिक धंद्यावरही येतो. तो आला तर ‘मी तुम्हांस कामावरून काढीत आहे, आणि त्याचे कारण हे’ असे समोर बसवून सांगावे. सांगणाऱ्याची जीभ जड होईल, रात्री झोप लागणार नाही. ती लागू नये, हेच योग्य आहे. कारण त्या एका रात्रीत कदाचित त्यास असेही सुचेल की, दहांपैकी चौघांस ठेविता येणे शक्य होते.