दंड आणि अनुताप
महाभारताच्या शांतिपर्वात शंख-लिखित या ऋषिबंधूंची कथा आहे. शंखाच्या आश्रमातील फळे लिखिताने न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी होय. राजाकडे जाऊन दंड माग. सुद्युम्न राजा क्षमा करावयास सिद्ध होता. पण लिखिताने दंडच मागितला व दोन्ही हात गमावले.

आज न्यायालयापुढे अनुताप सांगितला जातो तो बहुधा शिक्षा घटावी म्हणून! अपराधी सुधारेल काय, हे न्यायाधीशाने अवश्य पाहावे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने देहदंडाविषयी हेच सांगितले. लिखिताने मात्र सवलत मागितली नाही.

बाहुदा नदीत तर्पण करिताना त्याचे हात परत आले. आपणच मला आधी शुद्ध का केले नाही, असे त्याने बंधूस विचारले. शंख म्हणाला, दंडाचा अधिकार माझा नव्हे. तुझ्यासह राजाही शुद्ध झाला.