मातापित्यांना धम्म देण्यापूर्वी



दीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न लवकरच उभा राहतो. मुलगा शिकलेला असतो. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबलेले, निरक्षर असतात. मुलाला वाटते, जुन्या धर्माची घाण या म्हाताऱ्यांच्या मनात अजून साचून आहे, ती आपणच काढली पाहिजे. हा विचार चुकीचा आहे काय? माझ्या हातून जे घडले ते आधी सांगतो. मग आपणच निवाडा करावा.

आमच्या घराने चार वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आईनेही स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. दुसऱ्या दिवशी मी वस्तीतली पंधरावीस माणसे जमवली, अंधश्रद्धेवर भाषण केले, देव्हाऱ्यातले टाक, कवड्यांची माळ, जे काही होते ते एका फडक्यात बांधले आणि गोदावरीच्या पात्रात सोडून आलो. त्या जागी तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लावली. आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. तिची संमती आहे, असे मी धरून चाललो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो. संध्याकाळी आई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी सहज विचारले, "माय, देव्हारा गेला त्याचं अजून वाईट वाटतं का गं?"

हात न थांबवता ती म्हणाली, "देवाचं कशाला वाईट वाटावं? देवानं काय दिलं मला? त्या गाठोड्यात माझ्या पोरीच्या मनगट्या होत्या."

माझ्या आधी एक बहीण होती. पाऊल टाकू लागली होती, तेव्हा गोवराने गेली. तिचे नाव मी त्या संध्याकाळी प्रथम ऐकले. काळ्या मण्यांच्या दोन मनगट्या, एवढीच तिची खूण उरली होती. आमच्या घरात ना कपाट, ना पेटी. कुणाचा हात लागणार नाही अशी एकच जागा होती, ती देव्हाऱ्याची. म्हणून आईने त्या तेथे ठेवल्या होत्या.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू शिकलेला. एवढ्या माणसांत बोलत होतास. मी मधी काय बोलू?"

बंधूंनो, हे वाक्य मला झोपू देईना. माझ्या आईने सारा जन्म मालकाच्या वाड्यासमोर मान खाली घालून, न बोलता काढला. ते मौन तोडण्यासाठीच आपण धम्मात आलो. आणि आता ती तशीच गप्प उभी राहिली ती माझ्यासमोर! मी तिच्या अंधश्रद्धेवर बोलत होतो, पण जिच्याविषयी बोलत होतो ती बाई मला ठाऊकच नव्हती.

कुणी म्हणेल, देव्हारा काढला हे योग्यच झाले. होय, योग्यच झाले. त्यात मला तिळमात्र शंका नाही. अंगुत्तर निकायात तथागत सांगतात की, आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वागवले तरी त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत स्थिर केले तरच ते फिटते. तेव्हा आईबापांना धम्म देणे हे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो कसा द्यावा याचा.

किसा गौतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत तथागतांकडे आली. तिच्या वेडेपणावर त्यांनी प्रवचन दिले नाही, मूलही तिच्या हातून ओढून घेतले नाही. ज्या घरात कधी कुणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली, तिला उमगले, आणि मूल तिने स्वतःच्या हातांनी खाली ठेवले. प्रज्ञा अशी येते. दुसऱ्याच्या हातातले हिसकावून ती कुणाला देता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या 'मी' म्हणून घ्यावयाच्या आहेत. आईची प्रतिज्ञा आईची होती. देव्हारा उतरवण्याचा पहिला अधिकारही तिचाच होता. मी तिला नुसते म्हटले असते, "माय, तुझ्या हातानं काढ," तर तिने टाक काढले असते आणि मनगट्या बाजूला ठेवल्या असत्या. देव गेले असते आणि आठवण राहिली असती. स्मृतीला धम्माची मनाई नाही; पूजेला आहे. हा भेद माझ्या निरक्षर आईला कळत होता. पदवीधर असून मला कळला नाही.

ज्यांच्या घरी नुकतीच दीक्षा झाली आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. सुटीत घरी जाल तेव्हा पहिल्या दिवशी उपदेश करू नका. आईजवळ बसा, बापाजवळ बसा. तुमच्या जन्मापूर्वीचे त्यांचे आयुष्य विचारा. कुणाला गमावले, कशाची भीती वाटत होती, ते विचारा. दीक्षा घेताना त्यांच्या मनात काय होते, हेही विचारा. मग वंदनेला एकत्र बसा.

आता पौर्णिमेच्या वंदनेनंतर आई माझ्या मुलीला तिच्या आत्याविषयी सांगते. मी बाजूला बसून ऐकतो.