हेल कुणाच्या तोंडी?

मुंबईतल्या गुजराती घरांत एके काळी घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत, मग त्याचं नाव काहीही असो. तो बहुधा रत्नागिरीकडचा असे. गुजराती नाटकांतही हा रामा भेटे आणि मोडक्यातोडक्या गुजरातीवर हशा मिळवून जाई. घाटकोपरसारख्या गुजराती-मराठी शेजारात वाढलेल्यांना तो चांगला ठाऊक आहे. जाहिरातीतल्या मराठी हेलाचं मूळ मला या रामापाशी दिसतं.

विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ साली. ऐंशीच्या दशकात ‘सर्फ’ची ललिताजी आली. कविता चौधरींनी रंगवलेली ही बाई भाजीवाल्याशी घासाघीस करते, पण तिच्या हिंदीवरून ती कुठल्या गावची ते कळत नाही. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या बोलण्याला गाव नसायचं, हा तेव्हाचा अलिखित नियमच होता. मराठी जाहिरात म्हणजे बहुतेकदा हिंदीवर चढवलेला आवाज. त्यात ‘मला मदत करा’च्या जागी ‘माझी मदत करा’ ऐकू यायचं.

हेल राखून ठेवला तो कामवाल्या बाईसाठी आणि हवालदारासाठी. तो घडवतातही कसा, ते नीट ऐका. ‘ज’ दातांवर घासायचा, ‘ळ’ नको तितका घोळवायचा, हिंदीतलं लिंग चुकवायचं, मध्येच एखादं ‘अगं बाई’ टाकायचं. झाली मराठी बाई तयार. खरी मराठी बाई हिंदी बोलताना अडखळतेही आणि सफाईनंही बोलते. जाहिरातीतली मात्र फक्त अडखळते. आणि साबण विकत घेते तिची मालकीण.

२००२-०३च्या सुमारास प्रसून जोशींनी लिहिलेल्या कोका-कोलाच्या जाहिरातींत आमिर खान मुंबईचा टपोरी झाला, हैदराबादी दुकानदार झाला, पंजाबी शेतकरी झाला. मला हे वळण मोठं वाटतं. टपोरी इथे कुणाचा नोकर नव्हता, गिऱ्हाईक होता. अर्थात त्याची बंबइया म्हणजे मालवणी नव्हे, वऱ्हाडीही नव्हे.

गावच्या बोलीतच माल विकण्याची हिंमत बाहेर दिसते. अमेरिकेत ‘पेपरिज फार्म’ पावासाठी पार्कर फेनेली हा नट अनेक वर्षं न्यू इंग्लंडच्या म्हाताऱ्याच्या बोलीत बोलत असे. पाव जुन्या चवीचा आहे, याची खात्री ती बोली देई. २०२० साली ह्युंदाईच्या जाहिरातीत बोस्टनच्या उच्चारांची भरपूर थट्टा होती, पण थट्टा करणारे नट बोस्टनच्या परिसरातलेच होते आणि गाडीही त्यांच्यातल्याच एकाची.

आपल्याकडे ही हिंमत नाटकानं फार आधी दाखवली. १९८०च्या मालवणीतल्या ‘वस्त्रहरण’ला मालवणी माणसानं पदरचे पैसे मोजून गर्दी केली आणि ते नाटक हजारो प्रयोग चाललं. २०१६ साली ‘सैराट’ सिनेमानं करमाळ्याकडची बोली महाराष्ट्रभर नेली. बोली विकली जाते, याचा आणखी काय पुरावा हवा? तरीही जाहिरातवाल्यांनी त्यातून उचललं ते बहुतेक ‘लय भारी’ एवढंच. बी-बियाणं आणि खतं विकायची तर गावरान मराठी, म्युच्युअल फंड विकायचा तर पुस्तकी. जणू गुंतवणूक करणाऱ्याला गाव नसतंच.

घाटकोपरच्या भटवाडी, असल्फा, पंतनगर इथे कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांची तिसरी पिढी राहते. ही मुलं बँकेत आहेत, आयटीत आहेत, घराचे हप्ते भरताहेत आणि गावी फोन लावला की त्यांतली मालवणी मुलं ‘माका’ म्हणताहेत. जाहिराती लिहिणाऱ्या मराठी मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढची गृहकर्जाची जाहिरात लिहाल तेव्हा घराची किल्ली घेणाऱ्या बाईला मालवणीत बोलू द्या, आणि तिच्या बोलण्यावर कुणाला हसवू नका.