अंगठ्याच्या बुडाशी

दिवाळीच्या सुमारास चोपडा-शिरपूरकडच्या शेतांत पऱ्हाटी पांढरी होते आणि बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला लागतात. बोंडाची वाळकी टोकं बोटांत शिरतात. ती चुकवून आतला कापूस एका ओढीत काढायचा. दिसतात ती बोटं. पण हे कसब तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यात असतं.

तिथे एका आखूड स्नायूखाली ऑपोनन्स पॉलिसिस नावाचा दुसरा स्नायू झाकलेला असतो. मनगटापुढचा आडवा पट्टा आणि ट्रॅपिझियम नावाचं लहानसं हाड इथून तो निघतो, आणि अंगठ्याच्या तळव्यातल्या हाडाच्या बाहेरच्या कडेला लांबीभर जुळतो. तो आखडला की ते हाड पुढे येतं आणि स्वतःभोवती थोडं वळतं. सांधा खोगिराच्या घडणीचा, म्हणून हे वळणं जमतं. आणि म्हणूनच अंगठ्याचं पेर तर्जनीच्या पेरासमोर उभं राहतं. मात्र दाब देतो तो शेजारचा अडक्टर पॉलिसिस. पहिल्याला बहुधा मिडियन नस चालवते, दुसऱ्याला अल्नर. साध्या चिमटीला दोन नसांचं एकमत लागतं, याचं मला फार अप्रूप आहे. मनगटात मिडियन नस दीर्घकाळ दाबली गेली की तो उंचवटा खपाटीला जातो आणि चिमटीतला जोर ओसरतो.

धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 1988 पासून आणि जळगावच्या महाविद्यालयात 2018 पासून मुलं शरीररचना शिकत आहेत. स्नायूचा उगम आणि नस पाठ करताना, समोरच्या हाताने जन्मभर काय वेचलं असेल, हाही प्रश्न त्यांनी विचारावा.

कारण सरकारी कागदाने अंगठ्याची ओळख ठेवली ती कातडीपुरती. 1858 मध्ये बंगालात विल्यम हर्शेल यांनी एका करारावर सहीसोबत कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, आणि पुढे निरक्षराची सही म्हणजे अंगठा असं ठरून गेलं. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता येत नव्हतं. शेतात राबणाऱ्या, जात्याचा खुंटा धरणाऱ्या त्या बाईंच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

राबणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात. मग रेशनच्या दुकानातलं यंत्र त्याच हाताचा अंगठा ओळखत नाही, आणि धान्यासाठी आलेल्या बाईला बोट पुसून पुन्हा टेकवायला सांगितलं जातं. ज्या कष्टाने हा स्नायू घडला, त्याच कष्टाने तिची नोंद पुसली. हा अन्याय आहे. आणि यंत्र अडलं तरी धान्य अडता कामा नये.