कुंपणापलीकडची बाग

सांगलीच्या गावभागात आमच्या घराला लागून अप्पांचं परसू होतं. जागा जेमतेम दीड गुंठा, पण तेवढ्यात अप्पांनी काय काय जगवलं होतं! दारात पिवळी दुहेरी जास्वंद, तिच्या शेजारी अनंत, कुंपणावर कृष्णकमळ, आडाच्या कडेला सोनटक्का आणि करदळ, मागच्या बाजूला अंजीर आणि कागदी लिंबू. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मरवा, ओव्याची पानं, गवती चहा, पुदिना. गावठी गुलाबाचं एक झुडूप होतं. ते फुललं की वास आमच्या माजघरापर्यंत यायचा.

देवासाठी फुलं मागायला सगळी गल्ली अप्पांच्या दारात उभी राहायची, आणि अप्पा मोकळ्या हातानं द्यायचे. फांदी मात्र कुणाला मिळत नसे. "फूल मागा, फांदी मागू नका," असं ते तोंडावर सांगत. त्यांच्या मनाला एक जुना घाव होता. कुणाला तरी त्यांनी अनंताचं रोप हौसेनं दिलं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते त्या माणसाच्या गच्चीवर वाळून काटकी झालेलं पाहिलं होतं. "आयतं मिळालेलं रोप माणूस जगवत नाही," हे त्या दिवसापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं. छाटणी झाली की ते फांद्यांचे बोटभर तुकडे करूनच खताच्या खड्ड्यात टाकत. कुणी उचलून नेली तरी जगायला नको!

मला आज वाटतं, अप्पांचा राग खरा होता, हिशेब चुकला होता. दुहेरी जास्वंदीच्या फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे तिला बी धरणं दुर्मीळच. गुलाबाचं किंवा अंजिराचं बी रुजलं, तरी आईच्या गुणाचं झाड येईल याचा नेम नाही. फांदी लावली तर मात्र तेच झाड पुन्हा उभं राहतं, त्याच रंगाचं, त्याच वासाचं. अप्पांनी फांदी अडवली म्हणजे ते झाडच एका जागी कोंडलं.

अप्पांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, हे कुणी शिकवलं नव्हतं, पण उमजलं होतं. मृग लागला आणि पहिले दोन पाऊस झाले की त्या दुपारी कुंपणापाशी येऊन मला हाक मारायच्या. मी तेव्हा पाचवी-सहावीत होतो. पदराखालून ओल्या चिंधीत गुंडाळलेल्या दोन-तीन काड्या निघायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या, खाली तिरका काप आणि वर सरळ. उलटी लावली जाऊ नये म्हणून ही खूण. "ही विश्रामबागेत बाईंकडे. ही मिरजेच्या आत्याबाईंकडे. आणि ह्यांना सांगू नकोस." मी सायकल काढायचो.

लिंबाची एक फांदी आमच्या बाजूला झुकलेली होती. काडी लावून लिंबू सहजी येत नाही, म्हणून काकूंनी एका आषाढात तिथेच गुटी बांधली. इंचभर साल गोल काढली, ओलं शेवाळ बसवलं आणि वरून प्लॅस्टिक घट्ट आवळलं. दसऱ्याच्या आधी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली. ते रोप दूध घालायला येणाऱ्या कुपवाडच्या मावशींनी नेलं.

अप्पांना संशय येत नसे असं नाही. "पोरं फांद्या मोडून नेतात," असं ते माझ्या वडिलांना सांगायचे. पण मोडलेली फांदी सालीसकट ओरबाडून निघते. इथे काप स्वच्छ असायचा, बाहेरच्या डोळ्याच्या जरा वर, आणि त्यावर हळद लावलेली असायची. तसं कापायला घरात अप्पांनीच शिकवलं होतं. त्यांनी तो काप पाहिला होता, हे मला फार पुढे कळलं.

2014 साली काकू गेल्या. अप्पा अधिकच बागेत राहू लागले.

मग 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही अप्पांना घेऊन विश्रामबागेत पाहुण्यांकडे गेलो. परतलो तेव्हा परसात वीतभर गाळ होता. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली पोकळी दिवसच्या दिवस पाण्यानं भरून राहिली की मुळं गुदमरून कुजतात. जास्वंद उभी होती, पण हात लावताच साल सुटून आली. अनंत, गुलाब, अंजीर, लिंबू, सगळं गेलं. पाण्याची सवय असलेली करदळ आणि सोनटक्का तेवढे गाळातून वर आले.

अप्पा पायरीवर बसले होते. म्हणाले, "तिच्या हातचं आता काही उरलं नाही बघ."

मी घरी काही बोललो नाही. गाडी काढली आणि लहानपणी सायकलवरून गेलो होतो त्या सगळ्या घरांना एकेक करून गेलो. दोन ठिकाणी रोप वाळून गेलं होतं, हेही सांगायला हवं. अप्पांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एका घरी तिसऱ्या मजल्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यात, जास्वंद फुललेली होती. त्या वहिनी सांगत होत्या की पिठ्या ढेकूण पडला की त्या कडुनिंबाच्या तेलात साबणाचं पाणी मिसळून पानांच्या मागच्या बाजूला फवारतात, म्हणून ती टिकली. मिरजेच्या आत्याबाईंचं अंजीर अप्पांच्या अंजिरापेक्षा गोड होतं. त्यांच्या जमिनीत पाणी साठत नाही. मरवा तर एकीकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे असा गेला होता आणि आता कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला होता.

कुपवाडच्या मावशींनी मला झाडाखालीच उभं केलं. अप्पांचं लिंबू पानांनी गच्च असायचं, फळ बेताचंच, आणि त्याचं त्यांना कायम दुःख होतं. मावशींचं झाड मोठं होतं, फांद्या फळांच्या भारानं वाकायच्या. "आमच्याकडं पाणी दिवसाआड. रोज कुठनं घालणार?" त्या म्हणाल्या. "पाऊस सरला की महिनाभर थेंब देत नाही. पानं मलूल होऊन गळाय लागली की आळं खणायचं, शेणखत भरायचं आन् मग पाणी सोडायचं. फुलानं पांढरं होतंय झाड." लिंबाच्या बागाईतदारांचा हा हस्त बहराचा ताण. अप्पा मात्र रोज सकाळी मायेनं बादलीभर पाणी ओतत राहिले होते.

दिवाळीच्या आत त्या घरांतून परसात अकरा रोपं आली. अप्पा प्रत्येकाला विचारत, "कुठून आणलंत?" उत्तर एकच यायचं, "काकूंनी दिलं होतं." त्यांनी जास्वंदीच्या डब्याजवळ बसून एका जुन्या कापावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "हळद लावायची ती. मला दिसायचं रे. पण विचारलं असतं तर तिनं देणं थांबवलं असतं." आणि जरा थांबून, "नाही. मीच थांबवलं असतं."

त्यानंतरच्या मृगात अप्पांनी स्वतः कात्री घेतली. मागेल त्याला फांदी. सोबत घरचं खत ओंजळभर. कुपवाडच्या मावशींना ते ताणाच्या तारखा विचारायला गेले, वही घेऊन. त्याच वहीत पुढे प्रत्येक फांदीची नोंद झाली, कोणतं झाड, कोणाकडे, कोणती गल्ली, कसं चाललंय.

2021 च्या जुलैत कृष्णा पुन्हा गावभागात शिरली. घाईघाईत सामान वर चढवताना मी विचारलं, "अप्पा, कुंड्या किती न्यायच्या?"

अप्पांनी ती वही तेवढी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि छातीशी धरून जिना चढले. कुंड्या खालीच राहिल्या.